एक नदी, दोन दरपत्रके



२०२१ ची दिवाळी आठवड्यावर आली होती आणि मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात पेट्रोल लिटरला १२० रुपयांच्या पुढे गेले होते. रजेगावची सीमा ओलांडून गोंदिया जिल्ह्यात शिरले की तेच पेट्रोल चारेक रुपयांनी स्वस्त. साहजिकच सीमेलगतच्या गावांतल्या दुचाक्या टाकी भरायला महाराष्ट्रात जाऊ लागल्या. मग ऐन लक्ष्मीपूजनाला, ४ नोव्हेंबरपासून, केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपयांनी उतरवले. पाठोपाठ मध्य प्रदेशाने मूल्यवर्धित कर घटवला. महाराष्ट्राने तेव्हा घटवला नाही. त्यासरशी पारडे फिरले. भोपाळात पेट्रोल १०७ रुपये २३ पैसे, तर मुंबईत १०९ रुपये ९८ पैसे झाले. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्राने पेट्रोलवरचा कर ५ रुपयांनी कमी केला आणि पारडे पुन्हा उलटले.

या साऱ्या काळात दोन्ही जिल्ह्यांतून वाहणाऱ्या वैनगंगेने पात्र बदलले नाही, तेलाचे डेपो हलले नाहीत, टँकरचे रस्तेही तेच राहिले. बदलले ते सरकारी आदेश. यंदाचा दिवाळी अंक घरच्या इंधनाला वाहायचे ठरले ते यामुळेच. महागाईबद्दल बोलताना आपण बहुधा बाजाराला बोल लावतो. सीमेवर राहणाऱ्या माणसाला मात्र रोज दिसते, की भावातला बराचसा फरक बाजार ठरवत नाही. तो कुणीतरी, कुठेतरी सही करून ठरवतो.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे दोन्ही काठ एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. त्यानंतर कचेऱ्या वेगळ्या झाल्या. सोयरीक काही थांबली नाही. समजा, एका घरची थोरली बहीण मध्य प्रदेशातल्या वारासिवनीला दिली आहे आणि धाकटी महाराष्ट्रातल्या तिरोड्याला. भाऊबीजेला दोघी माहेरी आल्या आणि बोलता बोलता पंपाच्या पावत्या, सिलिंडरचे पैसे, विजेची बिले समोर आली, तर काय दिसेल?

पेट्रोलपासून सुरुवात करू. मध्य प्रदेशात त्यावर २९ टक्के कर, वर लिटरमागे अडीच रुपये आणि १ टक्का उपकर आहे. महाराष्ट्रात २५ टक्के आणि लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईला आधी २६ टक्के होते. २०२४ च्या अर्थसंकल्पात ते उरलेल्या राज्याच्या बरोबरीला आणले गेले. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला तेव्हा पेट्रोल, डिझेल, कच्चे तेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचे इंधन ही पाच उत्पादने बाहेर ठेवली गेली आणि आजही ती बाहेरच आहेत. २२ सप्टेंबर २०२५ ला या कराचे टप्पे बदलले, तेव्हाही त्यांना कुणी हात लावला नाही. राज्यांच्या हाती स्वतःच्या मर्जीने वाढवता-घटवता येईल असे उत्पन्न फार थोडे उरले आहे. त्यामुळे कोणत्याही पक्षाचे सरकार ते सहज सोडत नाही.

कराच्या खाली वाहतूक आहे. बालाघाटचे इंधन जबलपूरकडून लांबचा रस्ता तुडवत येते आणि गोंदिया मात्र बालाघाटपासून चाळीसेक किलोमीटरवर. कर टक्क्यांत असल्याने तो वाहतुकीच्या खर्चावरही बसतो. म्हणजे लांब राहण्याचे भाडे द्यायचे आणि त्या भाड्यावर करही भरायचा. तेल कंपन्या वेगळ्या, त्यांचे डेपो वेगळे, म्हणून एकाच गावात दोन पंपांवर काही पैशांचा फरक दिसतो. २००२ पर्यंत सरकारनियंत्रित किंमतव्यवस्थेत अंतराचा असा भार पुष्कळसा सर्वांमध्ये वाटला जाई. मग ती व्यवस्था गेली. २०१० मध्ये पेट्रोल आणि २०१४ मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झाले, जून २०१७ पासून भाव रोज ठरू लागला. पण अंतराचा भार हा काही निसर्गनियम नव्हे. २०२४ च्या धनत्रयोदशीला तेल कंपन्यांनी राज्यांतर्गत वाहतूक खर्चाची फेरमांडणी जाहीर केली आणि ओडिशातल्या मलकानगिरीच्या आडबाजूच्या पंपांवर पेट्रोल साडेचार रुपयांहून अधिक उतरले. रस्ता एका किलोमीटरने कमी झाला नव्हता. कमी झाली ती त्याची आकारणी.

सिलिंडरचे गणित निराळे. घरगुती गॅसवर देशभर ५ टक्केच कर आहे. त्यामुळे राज्याराज्यांतला फरक मुख्यतः गॅस कुठून भरून येतो आणि किती लांबून येतो याचा. एप्रिल २०२५ च्या दरवाढीनंतर दिल्लीत सिलिंडर ८५३ रुपयांना, मुंबईत ८५२ रुपये ५० पैशांना, कोलकात्यात ८७९ रुपयांना मिळू लागला आणि पाटण्यात तो ९४० च्याही वर गेला. मुंबईला बंदर आणि शुद्धीकरण कारखाने उशाशी आहेत, पाटण्याला नाहीत. मात्र या सरळ हिशेबावर राज्यांनी आपापली नक्षी काढली आहे. मध्य प्रदेशाने २०२३ मध्ये लाडली बहना योजनेतल्या महिलांसाठी ४५० रुपयांत सिलिंडर देऊ केला. महाराष्ट्राने २०२४ मध्ये अन्नपूर्णा योजनेतून पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत जाहीर केले. दोन्ही योजना निवडणुकीच्या वर्षात आल्या, हा योगायोग समजायला आपण इतके भाबडे नाही.

खरा धक्का विजेच्या बिलात आहे. महाराष्ट्रात महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांना वहन आकारासह ५ रुपये ८८ पैसे होते. १०१ ते ३०० च्या टप्प्याला तोच दर ११ रुपये ४६ पैसे. मध्य प्रदेशात त्याच काळात ५१ ते १५० युनिटांना सव्वापाच रुपयांच्या आसपास दर होता. शिवाय महिन्याला १५० युनिटांच्या आत राहणाऱ्या घराला पहिली १०० युनिटे १०० रुपयांत. २०१९ पासून चालत आलेली ही सवलत आता अटल गृह ज्योती नावाने ओळखली जाते. आता दोघी बहिणींनी १५० युनिटे जाळली असे धरू. धाकटीचे ऊर्जा आणि वहन आकाराचेच १,१६१ रुपये होतात. त्यावर स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. थोरलीचे वरच्या शुल्काआधी सुमारे ३६० रुपये. फरक आठशे रुपयांचा.

पेट्रोलच्या दरात लिटरला चार रुपयांचा फरक असेल तर महिन्याला दहा लिटर जाळणाऱ्याचे चाळीस रुपये वाचतात. त्या चाळीस रुपयांसाठी आपण सीमा ओलांडतो आणि उलट दिशेने वाहणाऱ्या आठशे रुपयांची चर्चाही करत नाही. पंपावरचा फलक लांबून वाचता येतो. बिलावरचे बारीक रकाने घरात पडून राहतात.

विजेच्या या दरांचा वीज कुठे तयार होते याच्याशी फारसा संबंध नाही. तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प वैनगंगेच्या पाण्यावर उभा आहे. त्याची वीज राज्याच्या एकूण खरेदीत मिसळते आणि दर सगळ्यांच्या सरासरीने ठरतो. तिरोडेकराच्या वाट्याला राख येते, सवलत येत नाही. महाराष्ट्रात शेतीपंपाच्या आणि छोट्या ग्राहकाच्या दराचा भार शंभर युनिटांच्या पुढे गेलेल्या घरांवर आणि कारखान्यांवर टाकला जातो. मध्य प्रदेशात तो मोठ्या प्रमाणात तिजोरीतून दिला जातो. आणि ती तिजोरी भरते कशाने? इतर करांबरोबर पेट्रोल-डिझेलवरच्या करानेही. म्हणजे थोरली पंपावर जास्त देते आणि त्यातले काही बिलात परत घेते. ज्याच्या घरी दुचाकी आहे पण वापर १५१ युनिटांवर गेला, तो दोन्हीकडून जातो, कारण एका युनिटाने मर्यादा ओलांडली की त्या महिन्याची सवलत पूर्णच जाते. उलट ज्याला बसचे तिकीटच परवडते, तो डिझेलवरचा कर तिकिटातून भरतो आणि त्याचा त्याला पत्ताही नसतो.

मग पुरवठादार बदलता आला तर? मुंबईत तो प्रयोग झाला. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि उपनगरांतल्या ग्राहकांना टाटा किंवा रिलायन्स (आताची अदानी) यांतून निवड करता येऊ लागली. बेस्टच्या भागातले दर आणखी वेगळे. एकाच शहरात अनेक दरपत्रके नांदतात. आपल्याकडे बालाघाटला एकच कंपनी आहे आणि तिचे मुख्यालय जबलपूरला. जबलपूर, भोपाळ, इंदूर या तिन्ही वितरण कंपन्यांचे दर राज्यभर सारखे, ही त्यातली चांगली बाजू. लांजीच्या टोकाला राहतो म्हणून कुणी युनिटमागे जास्त देत नाही. अंतराचा भार वाटून घेता येतो याचा हा दुसरा पुरावा. विजेत जे जमते ते डिझेलमध्ये का जमू नये, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

आणि एक इंधन असे, ज्याचे दरपत्रकच नाही. बालाघाट जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग जंगलाचा आहे. बैहर-लांजीच्या पट्ट्यात आजही चुलीसाठी डोक्यावर मोळ्या येतात. २०१६ मध्ये केंद्राची उज्ज्वला गॅसजोडणी योजना आली, घरोघर शेगडी पोचली, ऑक्टोबर २०२३ पासून सिलिंडरमागे ३०० रुपयांचे अनुदानही मिळू लागले. पण अनुदान मागाहून खात्यात जमा होते. सिलिंडर घेताना पूर्ण रक्कम हातात लागते. मजुरीवर चालणाऱ्या घरात ती एकदम निघत नाही. मग बाई जंगलाकडे वळते. सरपण फुकट म्हणायचे, कारण तिच्या वेळेचा, मानेचा आणि धुराने चुरचुरणाऱ्या डोळ्यांचा हिशेब कुणी मागत नाही. आमच्या मते या भागातले सर्वांत महाग इंधन हेच आहे.

म्हणून या अंकात आम्ही सवंग तक्रार टाळली आहे. पंपचालक, वायरमन, धानगिरणीवाले, सरपण आणणाऱ्या बायका आणि मंडईच्या जत्रेत जनित्र भाड्याने देणारे यांच्याशी झालेल्या गप्पा आत वाचायला मिळतील. कथा-कविता नेहमीसारख्या आहेतच. 

एक विनंती करून थांबतो. या दिवाळीत घरातल्या जाणत्या पोराला हाताशी घेऊन विजेचे बिल रकान्या-रकान्याने वाचा. कर किती, वाहतूक किती, सवलत किती आणि ती कुणाच्या पैशातून, हे वेगळे काढा. भाऊबीजेनंतर मंडया भरतील, लोकनाट्याच्या दंडारी रंगतील, पुढारी व्यासपीठावर येतील. त्यांना "महागाई कधी कमी होणार?" असे मोघम विचारू नका, त्याला मोघमच उत्तर मिळते. डिझेलवरचा कर टक्क्यांऐवजी ठरावीक रुपयांत का नाही, वाहतुकीचा भार राज्यभर समान का नाही, १५१ व्या युनिटाला सगळी सवलत का जाते आणि उज्ज्वलाचे अनुदान आधीच वजा का होत नाही, हे चार प्रश्न विचारा. दर आदेशाने ठरतात, आणि आदेश बदलता येतात.



— संपादक