निर्वासितांच्या भाषेचा दावा

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून यात्रेकरूच्या कुळाबरोबर त्याच्या मूळ गावाचीही नोंद असते. ते गावच परक्या देशात गेल्यावर त्या नोंदीचे काय करावयाचे, हा प्रश्न फाळणीने हजारो कुटुंबांपुढे उभा केला. याच नाशिक जिल्ह्यात देवळालीला सिंधी निर्वासितांची वस्ती झाली; कल्याणच्या लष्करी छावणीचे १९४९ साली उल्हासनगर झाले. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता, हे आज सहसा कोणाच्या ध्यानी नसते.

पुनर्वसनाचा सरकारी हिशेब मालमत्तेचा होता. १९५४ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने मागे राहिलेल्या घरांचे व जमिनींचे दावे चुकते करावयाचे ठरविले. भाषेचा दावा मात्र कोणत्याच अर्जात बसणारा नव्हता. पंजाबी व बंगाली निर्वासितांना आपल्या भाषेच्या प्रांताचा निदान काही भाग भारतात लाभला. सिंध सबंधच पलीकडे गेला. १९५६ साली राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली, तेव्हा जिला भूमी नाही अशा या भाषेच्या वाट्याला काहीच येणार नव्हते, हे उघड होते.

ही उणीव भरून काढण्याचे काम लेखकांनी अंगावर घेतले. त्यांत पोपटी हिरानंदानी यांचे नाव अग्रभागी येते. १९२४ साली सिंधमधील हैदराबादेत जन्मलेल्या या बाई फाळणीनंतर मुंबईस आल्या, के. सी. महाविद्यालयात सिंधीच्या प्राध्यापिका झाल्या, आणि कथा, कविता, समीक्षा अशा नाना प्रकारांत त्यांनी विपुल लेखन केले. हुंड्याच्या चालीवर त्यांनी कठोर प्रहार केले. स्वतः त्या अविवाहित राहिल्या. सिंधीला घटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळावे म्हणून झालेल्या चळवळीत त्या होत्या. ते स्थान १९६७ साली मिळाले, म्हणजे घटना अमलात आल्यावर सतरा वर्षांनी! त्यांच्या आत्मचरित्राला १९८२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. २००५ साली त्यांचे निधन झाले.

सायगावच्या पाडावानंतर १९७५ साली बालपणीच अमेरिकेत आलेले व्हिएतनामी निर्वासित व्हिएत थान न्वेन यांच्याशी त्यांची तुलना उद्बोधक ठरेल. न्वेन यांनी आश्रयदात्यांची भाषा उचलली. २०१६ साली त्यांच्या कादंबरीला पुलित्झर पारितोषिक मिळाले. इंग्रजीची बाजारपेठ अफाट आहे आणि निर्वासिताची व्यथा तीत खपते, हे म्हणण्यात त्यांचा अनादर नाही. पोपटीबाईंनी सिंधीतच लिहावयाचे ठरविले. म्हणजे त्यांना पुस्तकांबरोबर वाचकही घडवावा लागणार होता, आणि तो घडवावयाचा तर वर्गात उभे राहणे, सभांतून बोलणे, सरकारदरबारी मागणी लावून धरणे, यांवाचून गत्यंतर नव्हते. त्यांचे अध्यापन आणि चळवळ ही लेखनाची जोड नव्हे, त्याचा पायाच होय.

हा पाया आज खचतो आहे. २०११ च्या जनगणनेत सिंधी भाषकांची संख्या सुमारे २७ लाख भरली. परंतु बोलणारा वाचतोच असे नाही. सिंधी व्यापाऱ्याचा मुलगा इंग्रजी शाळेत जातो. त्याच्या बापाला दोष देता येत नाही; नोकरी व व्यापार या दोहोंचा भाव इंग्रजीत ठरतो. महाराष्ट्रात राज्याची सिंधी साहित्य अकादमी आहे. लेखकाला मदत देणे हे सर्वांत सोपे काम. शाळेत सिंधीचा तास ठेवणे व त्यासाठी पगारी शिक्षक नेमणे हे खर्चाचे आणि कंटाळवाणे. उल्हासनगरसारख्या गावी तरी शासनाने ते दुसरे काम आधी करावे.