मोहावीतली धावपट्टी

आकाशाची पहिली पायवाट बहुतेक ठिकाणी एखाद्या हट्टी माणसाने पाडलेली असते आणि ती रुळली, की राज्यसंस्था तिच्यावर आपली मालकी सांगते. हा क्रम विमानापेक्षाही जुना आहे. 18 जून 1861 रोजी थॅडियस लो यांनी वॉशिंग्टन शहरावर तरंगणाऱ्या बलूनमधून राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना तार पाठवली आणि अमेरिकी यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याचे बलूनपथक उभे राहिले. दोन वर्षे उलटण्याच्या आत नव्या वरिष्ठाने त्यांचा रोज 10 डॉलरांवरून 6 वर आणला. लो बाहेर पडले. 1863 मध्ये पथकही मोडले.

लो यांच्या नातीचे नाव फ्लॉरेन्स, जग तिला पाँचो बार्न्स म्हणून ओळखते. 1930 मध्ये तिने अमेलिया इअरहार्टचा वेगाचा विक्रम मोडला आणि 1935 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात, म्युरॉकच्या कोरड्या सरोवराकाठी 180 एकर जमीन घेतली. म्युरॉक हे नावच विस्थापनाचे वाटावे असे आहे: 1910 मध्ये तिथे वस्ती केलेल्या कोरम कुटुंबाचे आडनाव आधीच असलेल्या दुसऱ्या नावाशी घोटाळा करणारे ठरले, म्हणून ते उलटे लिहिले गेले, आणि ते गावही पुढे लष्करी तळाच्या विस्तारात उठले.

बाईंनी त्या जमिनीत लसूणघास पिकवला, गाई-डुकरे पाळली, विहिरींच्या पाण्यावर हिरवळ केली आणि स्वतःची धावपट्टी आखली. सरोवरावर 1933 पासून बाँबफेकीचा सराव करणाऱ्या लष्कराच्या मुदपाकखान्यातले खरकटे त्यांच्या डुकरांना जाई, आणि त्याच डुकरांचे मांस लष्कराच्या पानात परत येई; तळ आणि शेत यांची इतकी घट्ट सोयरीक होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तळावरच्या वैमानिकांची संध्याकाळ बाईंच्या या शेतावरच सरत असे. ऑक्टोबर 1947 मध्ये त्यांतल्याच चक यीगर यांचा घोडा रात्रीच्या अंधारात तिथल्या बंद फाटकावर आदळला आणि त्यांच्या दोन बरगड्या मोडल्या. हात लांबवता येईना, म्हणून 14 तारखेला एक्स-1 विमानाचे दार त्यांनी झाडूच्या दांड्याच्या तुकड्याने लावून घेतले आणि माणूस प्रथमच सरळ उड्डाणात ध्वनीच्या वेगापुढे गेला. ज्ञानाचा इतिहास प्रयोगशाळांइतकाच अशा ओसऱ्यांवरही घडतो. संस्था मोठ्या झाल्या, की हेच प्रथम विसरतात, आणि मला ही विस्मृती जमीन घेण्यापेक्षाही मोठा अन्याय वाटतो.

1950 नंतर तळाला धावपट्टी वाढवायची होती. नवे वरिष्ठ आले, जुना जिव्हाळा आटला आणि भूसंपादनाची कारवाई सुरू झाली. बाई स्वतः न्यायालयात उभ्या राहिल्या आणि हवाई दलाचे मूळ आपल्या आजोबांत आहे, असे त्यांनी ठणकावून सांगितले. 1861 चा तो बलून जणू नव्वद वर्षांनी साक्षीला आला. खटले चालू असतानाच नोव्हेंबर 1953 मध्ये आगीत घर, तबेला, घोडे सारे गेले. आग कशी लागली हे कधीच ठरले नाही. न्यायालयाने पावणेचार लाख डॉलरांहून अधिक भरपाई दिली. सार्वजनिक प्रयोजन हा शब्द भूसंपादनाच्या कागदावर एकदा उमटला, की त्यापुढे वहिवाट, श्रम, आठवण यांची नोंद कुठल्या रकान्यात करायची, हा प्रश्न सुटत नाही.

आणि ज्या धावपट्टीसाठी हे झाले, ती त्या घराच्या जागेवरून कधी गेलीच नाही. आज एडवर्ड्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तळाच्या कुंपणाआड तिथे कारंज्याचे दगड आणि जोती उरली आहेत. तळावरच्या लोकांनी पुढे तिथेच बाईंच्या नावाने मेळावे भरवले. 1975 मध्ये त्या वारल्या, तेव्हा हवाई दलाची परवानगी काढून त्यांच्या मुलाने विमानातून त्यांची रक्षा त्याच जोत्यांवर सोडली.