निरंक अहवाल म्हणजे निरोगी रोप नव्हे



विषाणू तपासणीचा अहवाल निरंक आला की केळीची रोपे हरण्यामुक्त, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटण्यासारखे नाही. हरण्या रोगास कारणीभूत काकडी मोझॅक विषाणू तंबाखूवरील मोझॅक विषाणूइतका चिवट नाही. एसडीएससारख्या अपमार्जकाच्या अल्प मात्रेनेही त्याचे कवच सुटते. शिवाय केळीचा रस लगेच काळवंडतो आणि त्यातील फिनॉले विषाणूच्या प्रथिनांना चिकटतात. म्हणून नमुना वाटण्याच्या द्रावणात सोडियम सल्फाइट आणि पीव्हीपी हवे, सामू सातच्या आसपास हवा, नमुना थंड हवा. पीसीआरला अखंड विषाणू लागत नाही, हे खरे. पण कवच सुटल्यावर आतला आरएनए विकरे तोडतात आणि तीच फिनॉले पीसीआरही अडवतात. म्हणजे विषाणू असूनही अहवाल निरंक येऊ शकतो; म्हणून रोगट केळीपानही त्याच द्रावणात तपासल्याची नोंद प्रत्येक अहवालावर असलीच पाहिजे.

— एक केळी उत्पादक, रावेर