उत्तर दिशा छताला टांगलेली नाही!

माझा मुलगा तिसरीत आहे. परवा त्याला सहज विचारलं, "उत्तर कुठंय रे?" गड्याने लगेच बोट वर केलं. थेट पंख्याकडे!

आधी हसलो. मग वाटलं, चूक त्याची आहे का? फळ्यावर, वहीत, भिंतीवरच्या नकाशात त्याने उत्तर कायम वरच पाहिली. 'उत्तर म्हणजे वर' हे त्याने इमानदारीत शिकून घेतलं. वर्गाबाहेर नेऊन, सूर्याकडे तोंड करून उभं राहा, समोर पूर्व, डाव्या हाताला उत्तर, हे त्याला कुणी दाखवलंच नाही.

शाळेत विचारलं तर उत्तर मिळालं, "तो धडा झाला. स्वाध्याय पूर्ण आहे." वही बघितली. पाव वळण, अर्धं वळण, सगळं बाणांनी रंगवलेलं. शेरा 'छान'. पण पोरगं स्वतः एकदाही वळलेलं नाही!

अहो, वळण ही बघायची गोष्ट आहे का? ती करायची गोष्ट आहे. आणि आपल्याकडे त्याला खर्च शून्य. रोजच्या कवायतीत 'दाहिने मूड' म्हणजे पाव वळण, 'पीछे मूड' म्हणजे अर्धं. हे गणित पोरं रोज सकाळी करतात, फक्त हे गणित आहे असं त्यांना कुणी सांगत नाही.

रविवारी मी गल्लीतली सहा पोरं गच्चीवर नेली. सूर्याकडे तोंड. उजवीकडे तीन पाव वळणं घ्या. दक्षिण, पश्चिम, उत्तर. परत सूर्याकडे. आता डावीकडे एकच. पुन्हा उत्तर! एक पोरगी ओरडली, "काका, मग तीनदा कशाला फिरायचं?" पुस्तकातल्या दहा चित्रांनी हा प्रश्न पडला नसता. किती वळायचं आणि कुणीकडे वळायचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला पायांनी कळलं.

काही जण म्हणतील, एवढं काय त्यात, मोठं झाल्यावर कळतंच. नाही कळत. कोन म्हणजे वळण हे ज्याच्या अंगात भिनलं नाही, त्याला लांब रेघांचा कोन मोठा वाटतो आणि आखूड रेघांचा लहान. पुढे कोनमापक हातात आलं की त्यावरच्या दोन ओळींत तो ६० वाचायचं की १२० यात अडकतो. मग आपण म्हणतो, "याला भूमितीच जमत नाही." १९६० च्या दशकात सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा केली. त्यातलं कासव चालवायचं तर मूल आधी स्वतः कासव होऊन वळून बघतं. तिकडे संगणक आला तरी अंग सोडलं नाही, आणि आपण मैदान असून पोरांना बाकावर बसवतो.

मैदान असून म्हणालो खरं. आमच्या शाळेच्या मैदानावर आता अर्ध्या भागात गाड्या उभ्या असतात. शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान हवं असं लिहिलंय ते पार्किंगसाठी नव्हे. २०२१ च्या निपुण भारतमध्येही पायाभूत गणितात आकार आणि अवकाशाची समज येते. कागदावर सगळं आहे हो!

शिक्षकांवर राग नाही. माहिती भरण्यातच त्यांचा अर्धा दिवस जातो, हे मी डोळ्यांनी बघतो. म्हणून मागणी छोटीच आहे. आठवड्यातून एक गणिताचा तास मैदानात. खडूने चार दिशा आखा, अगदी खऱ्या दिशांना. बाई, सर, उजवा हात दाखवताना मुलांकडे पाठ करून उभे राहा, नाहीतर समोरच्या पोरांना तो आरशासारखा डावा वाटतो. आणि वर्गात काट्याचं एक घड्याळ लावा. मोबाईलवर आकडे बघणाऱ्या पोराला 'घड्याळाच्या दिशेने' म्हणजे काय ते कसं कळणार?

पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीत आपलीच माणसं जास्त आहेत. पुढच्या बैठकीत गणवेश आणि स्नेहसंमेलन झालं की हा विषय काढा. मी काढणारच आहे. गाड्या हलवा, पोरांना वळायला जागा द्या.

आणि आज घरी एकदा विचारून बघा, उत्तर कुठंय. बोट पंख्याकडे गेलं तर पोराला रागावू नका. हात धरा आणि बाहेर घेऊन जा.