लुटारूंना दुकानच संग्रहालय वाटलं!

28 जानेवारी 2011. कैरोत सत्ताधारी पक्षाचं मुख्यालय धडधडून पेटलेलं आणि त्याला खेटूनच इजिप्शियन म्युझियम. पोलीस रस्त्यावरून गायब. सरकारविरोधी निदर्शकांमधलीच पोरं हातात हात घालून संग्रहालयाभोवती उभी राहिली. ते फोटो जगभर गाजले, आपणही वाहवा केली.

पण आत चोर शिरलेच होते. काहींनी काचेची कपाटं फोडली, तर काहींनी भेटवस्तूंचं दुकानच साफ केलं. त्यांना तेच संग्रहालय वाटलं, असं पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे प्रमुख झाही हवास यांचं म्हणणं. (अडाण्यांनी इतकी मोठी सेवा क्वचितच केली असेल.) ‘काहीही चोरीला गेलेलं नाही’ असंही हवास आधी सांगत होते. मग मोजदाद सुरू झाली आणि यादी लांबत लांबत 54 वस्तूंवर गेली. अखेनातेनचा चुनखडीचा पुतळा एका शाळकरी वयाच्या पोराला कचऱ्याजवळ सापडला. एप्रिलमध्ये मेट्रो स्टेशनवर एक बेवारस पिशवी मिळाली. तिच्यात तुतनखामूनचा सोनेरी मुलाम्याचा पुतळा होता, त्याचा कर्णाही होता.

कैरो निदान राजधानी. ऑगस्ट 2013 मध्ये मिन्या प्रांतातल्या मल्लावीच्या छोट्या संग्रहालयावर जमाव चालून गेला, तेव्हा तिथे ना हातांची साखळी होती ना जगाचे कॅमेरे. हजाराच्या आसपास वस्तू लुटल्या गेल्या. उचलता आलं नाही ते फोडलं, ममी जाळल्या. पुरातत्त्वज्ञ मोनिका हन्ना जीव धोक्यात घालून उरलंसुरलं वाचवायला पोचल्या. पुढे हरवलेल्या वस्तूंची यादी जाहीर झाली. आणून देईल त्याच्यावर कारवाई नाही, असं सरकारनं सांगितलं आणि निम्म्याहून जास्त माल परत आला. यादीच नसती तर मागायचं काय?

माझा भरवसा म्हणूनच बंदुकीपेक्षा नोंदवहीवर जास्त. दंगलीत पहारेकरी पळतो, त्याला दोष कसा द्यायचा? पण प्रत्येक वस्तूचा फोटो, मोजमाप, अंगावरचा टवका लिहून ठेवलेला असेल आणि त्याची एक प्रत दुसऱ्या गावी असेल, तर चोरीचा माल उजळ माथ्यानं विकणं अवघड होतं.

पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. 5 जानेवारी 2004 ला भांडारकर संस्थेत जमावानं कपाटं उलथवली, पोथ्या-पुस्तकं जमिनीवर विखुरली. नंतर ती पानं जुळवत बसावं लागलं. कुठलं पान कुठल्या पोथीतलं, हे ठरवायला तिथेही पोलीस उपयोगाचे नव्हते. सूचीच लागली असणार.