उंबरठ्यावरचा खर्च

बारावीचे निकाल लागून प्रवेशपरीक्षांच्या याद्या जाहीर झाल्या की गोमंतकातील शेकडो घरांत एकच चर्चा सुरू होते : मुलाला पुण्यास पाठवावे, मुंबईस पाठवावे की घाट चढून बेळगावास? शिक्षणशुल्क किती याचा हिशेब पालकांनी आधीच मांडलेला असतो. कोणी सोने गहाण टाकण्याची तयारी ठेवतो, कोणी बँकेच्या व्यवस्थापकाच्या टेबलाशी दोन-चार खेपा घालून आलेला असतो. या हिशेबात सहसा धरला न जाणारा एक खर्च आहे. महाविद्यालयाने नाव यादीत घेतल्यापासून विद्यार्थी पहिल्या तासाला बाकावर बसेपर्यंत जो पैसा आणि जे दिवस जातात, तो हा खर्च. कागदपत्रांची पडताळणी, 'रिपोर्टिंग', आणि आता सक्तीचा झालेला 'ओरिएंटेशन' म्हणजे परिचय कार्यक्रम ही त्याची तीन अंगे. स्थानिक विद्यार्थ्याला त्याची झळ जाणवत देखील नाही. परराज्यातून येणाऱ्याला मात्र ती चांगलीच बसते, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही म्हणून आज हा विषय आम्ही घेत आहोत.

शिक्षणासाठी गाव सोडणे गोमंतकीयाला नवे नाही. साखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ साली संस्कृत शिकण्याच्या ध्यासाने घराबाहेर पडले, पुण्यास गेले, तेथून पुढे काशीस पोचले आणि अन्नछत्रात जेवून शिकले. पोर्तुगीज अमदानीत मराठी वा इंग्रजी शिक्षण घ्यावयाचे तर बेळगाव, धारवाड, कोल्हापूर, मुंबई याच वाटा होत्या, आणि गिरगावातल्या एखाद्या नातलगाच्या दोन खोल्यांत पथारी पसरून कित्येकांनी पदव्या मिळविल्या. मुक्तीनंतर १९६२ साली पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा ती मुंबई विद्यापीठाला जोडली गेली. म्हणजे १९८५ साली गोवा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत पणजीचा विद्यार्थी मुंबईच्या महाविद्यालयात गेला तरी तो एका विद्यापीठाच्या घरातल्या घरातच हलत होता. स्वतःचे विद्यापीठ झाले ही आनंदाची गोष्ट, तिच्याविषयी तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु त्या दिवसापासून आपला विद्यार्थी मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांच्या दृष्टीने 'बाहेरचा' झाला, आणि स्थलांतर प्रमाणपत्र व पात्रता प्रमाणपत्र ही दोन कागदे त्याच्या पिशवीत वाढली. येथे आपण ज्या शब्दाने इतरांना हिणवितो तो 'परप्रांतीय' हा शब्द आपल्या मुलांच्या वाट्याला येतो, तो असा.

परिचय कार्यक्रमाची मूळ कल्पना आम्हांस मान्य आहे, नव्हे, आम्ही तिचे स्वागतच करतो. गांधीनगरच्या आय. आय. टी. ने २०११ पासून नवागत विद्यार्थ्यांसाठी पाच आठवड्यांचा उपक्रम चालविला. त्यात पुस्तकाला हात न लावता मुलांनी एकमेकांना ओळखावे, खेळावे, गावात हिंडावे, प्राध्यापकांशी मोकळेपणाने बोलावे, अशी योजना होती. तशाच अनुभवांच्या आधारे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१७ साली अभियांत्रिकी महाविद्यालयांना तीन आठवड्यांचा प्रारंभिक कार्यक्रम आखून दिला. पाठोपाठ विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये सर्वच उच्च शिक्षणसंस्थांसाठी 'दीक्षारंभ' नावाची मार्गदर्शिका काढली. खेड्यातून आलेल्या, भाषेने बुजलेल्या मुलाला पहिल्या दिवसांत धीर मिळावा, असा तिचा हेतू. तो मुलगा सत्तरीतून पुण्यास गेलेला असो की बिहारमधून फर्मागुढीस आलेला, या कार्यक्रमाची सर्वांत अधिक गरज त्यालाच आहे. आणि नेमक्या त्यालाच तो सर्वांत महाग पडतो.

महाग कसा, ते पाहू. फोंडा तालुक्यातील एखाद्या कारखान्यात काम करणाऱ्या गृहस्थाच्या मुलीला पुण्यात प्रवेश मिळाला. महाविद्यालय पहिल्यांदा बोलाविते ते मूळ कागदपत्रे दाखवून शुल्क भरण्यासाठी. मुलगी आणि वडील जातात आणि परत येतात. ही चार तिकिटे. मग दोन-तीन आठवड्यांनी परिचय कार्यक्रमाचे बोलावणे येते, त्यात पालकांनीही पहिल्या दिवशी उपस्थित राहावे अशी सूचना असते. पुन्हा दोघे जातात, वडील एकटे परततात. ही आणखी तीन. सात तिकिटे झाली, आणि अजून एकही तास झालेला नाही. पुण्यात कोथरूड वा हडपसरला राहणारी मुलगी याच दोन कामांसाठी सकाळी बसने जाते आणि रात्रीच्या जेवणाला घरी येते. नियम दोघींना एकच, त्याचे ओझे मात्र एकीवर कितीतरी पटीने अधिक.

त्यातही हा काळ ऐन पावसाळ्याचा. कोकण रेल्वेच्या गाड्या वेगमर्यादा सांभाळून पावसाळी वेळापत्रकाने धावत असतात. लोंढ्यावरून जाणाऱ्या मार्गावर ब्रागांझा घाटात दरड कोसळली की तोही खोळंबतो. चोर्ला आणि अनमोड घाटांविषयी तर बोलावयासच नको. वेळेवर पोचण्याची खात्री हवी तर एक दिवस आधी निघावे लागते, म्हणजे एका रात्रीच्या लॉजचे भाडे वाढले. आरक्षण मिळाले नाही तर खासगी बस, आणि प्रवेशाच्या दिवसांत तिचे भाडे काय होते हे ज्याने काढले आहे त्यालाच ठाऊक. शिवाय वडिलांची रजा. पगारी नोकर असेल तर रजा खर्ची पडते, रोजंदारीवर असेल तर रोज बुडतो, आणि गाडा चालविणारा असेल तर गाडा बंद राहतो.

यावर कडी म्हणजे वसतिगृहांचे वागणे. पुष्कळ ठिकाणी परिचय कार्यक्रम एका तारखेला सुरू होतो आणि वसतिगृहाचे दार उघडते ते नियमित तास सुरू होण्याच्या बेताला. मधले दिवस परगावच्या मुलाने कोठे काढावयाचे? मुलगा असेल तर तो कोणाच्या तरी खोलीवर जमिनीवर झोपतो. मुलगी असेल तर आई रजा घेऊन सोबत राहते, अथवा घरात बसून ठरते की नकोच ते पुणे, येथेच जे मिळेल ते घेऊ. अशा रीतीने सुटलेली जागा कोणत्याही आकडेवारीत 'खर्चामुळे सोडली' म्हणून नोंदली जात नाही. विद्यार्थिनी हजर झाली नाही, एवढीच नोंद होते. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहे उभारण्यास प्रारंभ केला, तो शिक्षणाची पहिली अडचण राहण्याची असते हे ओळखून. सव्वाशे वर्षांनंतर आपल्या संस्थांना याचा विसर पडावा याचे नवल वाटते.

आता कागदपत्रांकडे वळू. मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, स्थलांतर प्रमाणपत्र, छायाचित्रे आणि प्रतींचे तीन-तीन संच. ती तपासून घ्यावीत, यात गैर काही नाही. परंतु तपासून झाल्यावर मूळ प्रती ठेवून घेण्याची जी खोड काही संस्थांना लागली होती, तिला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ सालच्या अधिसूचनेने मनाई केली आहे. पडताळणी होताच मूळ कागद विद्यार्थ्याच्या हाती परत द्यावयाचे, असा नियम आहे. परगावच्या विद्यार्थ्याला त्याचे महत्त्व फार. पुढच्या फेरीत त्याला घराजवळ चांगली जागा मिळाली आणि कागद पुण्यात अडकलेले असले, तर तेवढ्यासाठी आणखी एक खेप. शुल्क परत कसे व किती मिळावे याचे टप्पेही त्याच अधिसूचनेत आहेत. पालकांनी ती मागून घ्यावी, आणि कारकून 'आमच्याकडे अशी पद्धत नाही' म्हणाला तर त्याच्यासमोर शांतपणे ठेवावी.

मुळात ही पडताळणी समक्षच का हवी? शासनाच्या 'डिजिलॉकर'मधील गुणपत्रिका ग्राह्य धरावी असे आयोगाने २०२१ मध्येच कळविले आहे. आय. आय. टी. व एन. आय. टी. यांच्या जागा देणाऱ्या 'जोसा' या संयुक्त व्यवस्थेने २०२० पासून फेऱ्यांच्या काळातील पडताळणी घरबसल्या करून दाखविली. देशभरच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत जे साधते, ते शे-दोनशे विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला साधू नये काय? रॅगिंगविरोधी हमीपत्राचेही तेच. २००९ साली हिमाचल प्रदेशात एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमुळे मृत्यू झाला, त्याच वर्षी आयोगाचे कडक विनियम आले आणि विद्यार्थी व पालक दोघांकडून हमी घेणे बंधनकारक झाले. ती हमी आवश्यकच आहे, आणि ती संगणकावर भरण्याची सोय आयोगाने करून ठेवली आहे. तरीही मुद्रांक आणून, वकिलाचा शिक्का मारून तेच पुन्हा कागदावर मागणारी कार्यालये आहेत. परक्या शहरात दुपारच्या दोन वाजता नोटरी शोधत फिरणाऱ्या बापाकडे पाहिले म्हणजे या कागदाने नेमके कोणाचे रक्षण होते, असा प्रश्न पडतो.

शुल्काचा भाग थोडक्यात सांगतो. परिचय कार्यक्रमाच्या नावाखाली पिशवी, टी-शर्ट, ब्लेझर, सहल असे काही देऊन त्याचे पैसे वेगळे घेण्याची चाल काही खासगी संस्थांत पडली आहे. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने नेमलेले शुल्क नियामक प्राधिकरण शिक्षणशुल्कावर नजर ठेवते, पण अशा फुटकळ रकमा चटकन कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. आयोगाच्या २०२३ च्या तक्रारनिवारण विनियमांनुसार प्रवेशप्रक्रिया सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी संस्थेने माहितीपत्रक प्रसिद्ध करावयाचे असते आणि त्यात शुल्काचा प्रत्येक घटक दाखवावयाचा असतो. परिचय कार्यक्रमाचे पैसे त्यात छापलेले नसतील तर ते मागण्याचा अधिकार संस्थेला कोठून आला? पूर्वी शिष्य गुरूकडे जाताना हाती समिधा घेऊन जात असे. 'दीक्षारंभ' हे नाव निवडणाऱ्यांना ती प्रथा माहीत असेलच. समिधा रानातून फुकट मिळत, ब्लेझर मिळत नाही.

दुसऱ्यांना हे ऐकविताना आपल्या अंगणाकडे न पाहणे अप्रामाणिकपणाचे होईल. गोवा आज केवळ विद्यार्थी पाठविणारे राज्य राहिलेले नाही. झुआरीनगरला 'बिट्स' २००४ साली आली, एन. आय. टी. २०१० साली, आय. आय. टी. २०१६ साली. एन. आय. टी. च्या निम्म्या जागा अन्य राज्यांतील विद्यार्थ्यांच्या असतात, म्हणजे दर पावसाळ्यात कुंकळ्ळीस आणि फर्मागुढीस दूरदूरची मुले आपापल्या आईवडिलांसह उतरतात. ती पर्यटक नसतात, पण मडगाव स्थानकाबाहेर त्यांना भाडे सांगितले जाते ते पर्यटकाचे. ट्रंक, गादी आणि घाबरलेले मूल घेऊन आलेल्या आंध्रच्या किंवा ओडिशाच्या शेतकऱ्याला टॅक्सीवाल्याशी घासाघीस करण्याचे त्राण नसते. त्या चार-पाच दिवसांत कदंब महामंडळाने मडगाव व वास्को स्थानकांवरून या संस्थांपर्यंत थेट बसगाड्या सोडल्या, तर महामंडळाला असा काय मोठा तोटा होणार आहे? पाहुण्याचा पाहुणचार करणारे राज्य म्हणून आपण जी जाहिरात करतो, तिच्याशी हे निदान विसंगत ठरणार नाही.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी गोवा सरकार शिक्षण विकास महामंडळामार्फत बिनव्याजी कर्ज देते. ही योजना चांगली आहे आणि अनेक घरांना तिचा आधार झाला आहे. पण कोणतेही शैक्षणिक कर्ज प्रवेशाचा पुरावा पाहून मिळते, आणि तो पुरावा मिळेपर्यंतचा खर्च घरच्या डब्यातूनच करावा लागतो. त्या पहिल्या पंधरवड्यासाठी, प्रवेशाचे पत्र दाखविताच मिळेल आणि पुढे कर्जात वळती होईल, अशी एक लहानशी उचल सरकारने सुरू करावी. रक्कम मोठी नको, सात तिकिटे, तीन रात्री आणि वसतिगृहाची अनामत एवढी भागली तरी पुष्कळ. शिक्षण मंडळाने स्थलांतर प्रमाणपत्र निकालाबरोबरच घरी मिळेल अशी व्यवस्था केली, तर पेडणे-काणकोणच्या मुलांची आणखी एक फेरी वाचेल.

पुणे, मुंबई आणि बेळगावच्या विद्यापीठांकडे आपल्या शिक्षण खात्याने पुढील वर्षीची माहितीपत्रके छापून होण्याआधी लेखी मागणी करावी, असे आम्हांस वाटते. परराज्यातील विद्यार्थ्यांची पडताळणी घरबसल्या व्हावी, शुल्कही तसेच भरता यावे, मूळ कागद परिचय कार्यक्रमाच्याच दिवशी पाहून तत्काळ परत द्यावेत, पालकांसाठीचे भाषण दूरस्थ पद्धतीने ऐकविले जावे, आणि वसतिगृह कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी उघडावे. एवढे झाले तर फोंड्याच्या त्या मुलीला एकच खेप पडेल आणि सातांऐवजी तीन तिकिटे लागतील. हीच मागणी कुंकळ्ळी, फर्मागुढी आणि झुआरीनगर येथील संस्थांकडेही त्याच टपालाने जावी. विधानसभेच्या पावसाळी अधिवेशनात सत्तर विषयांवर गदारोळ होतो. या विषयावर एखाद्या आमदाराने एक प्रश्न विचारून, किती गोमंतकीय मुलांनी मिळालेली जागा हजर न होता सोडली याची खात्याकडून माहिती मागवावी.