सुटीतील श्रमांचा हिशेब

अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थी वसंत ऋतूतील आठवड्याची सुटी परगावी जाऊन गरिबांची घरे बांधण्यात घालवतात, या उपक्रमाविरुद्धचा पूर्वपक्ष थोडक्यात असा: ज्याने जन्मात हातोडा धरला नाही त्याच्या प्रवासावर जो पैसा खर्च होतो, तोच स्थानिक सुताराच्या मेहनतान्यास लावला असता, तर घरही अधिक नेटके उभे राहिले असते आणि त्या सुताराची चूलही पेटली असती. हा आक्षेप दुष्टबुद्धीचा नाही. म्हणूनच त्याची वासलात घाईने लावणे योग्य नव्हे.

विनामोबदला केलेल्या श्रमांचे मोल अखेर कोणाच्या पदरी पडते, हा येथे खरा प्रश्न आहे. ते मक्तेदाराच्या तिजोरीत जात असेल, तर आक्षेपकाचे म्हणणे शब्दशः खरे आहे आणि असा उपक्रम त्याच दिवशी बंद करावा. परंतु १९७६ साली जॉर्जिया राज्यातील अमेरिकस गावी स्थापन झालेल्या आणि १९८९ पासून विद्यार्थ्यांच्या तुकड्या बोलावू लागलेल्या 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या संस्थेची व्यवस्था वेगळी आहे. तेथे घर दान म्हणून मिळत नाही. ते नफा न घेता विकले जाते, घेणारे कुटुंब स्वतः शेकडो तास बांधकामावर राबते आणि पुढे हप्ते फेडते. मजुरीची बचत थेट घराच्या किमतीतून वजा होत असल्याने, सावकारी पेढीने ज्याची दरखास्त परत केली असती तो माणूस घरमालक होतो. सुताराच्या हातचे काम येथे हिरावले जात नाही, कारण पूर्ण मजुरी भरून ते घर उभेच राहिले नसते. सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत बाबा आमट्यांच्या हाकेला ओ देऊन ज्यांनी उन्हातान्हात माती वाहिली, त्यांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

कौशल्याच्या अभावाचा मुद्दा तर न्यू ऑर्लिन्समध्ये निकालात निघाला. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळाने बंधारे फुटून शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर घराघरांत उरले ते कुजलेले गालिचे, आढ्यापर्यंत चढलेली काळी बुरशी आणि ओल पिऊन फुगलेले जिप्समचे तक्ते. तोंडाला मुखवटे बांधून हे तक्ते पहारीने उचकटणे, खिळे उपटणे, आतील लाकडी सांगाडा उघडा करून वाळवणे, हे काम निष्णात सुताराचे नव्हते. ते पुष्कळ हातांचे होते, आणि २००६ च्या वसंतात ते हात हजारोंनी आले.

उरतो तो सर्वांत वजनदार आक्षेप: अशा सेवेमुळे सरकारला आपली जबाबदारी टाळण्यास सवड मिळते. सरकारने ती टाळली, हे मलाही मान्य आहे. 'रोड होम' या नुकसानभरपाईच्या योजनेत दुरुस्तीचा खर्च आणि घराची वादळापूर्वीची किंमत यांतील जी रक्कम कमी, तीच हिशेबात धरण्याचा नियम होता. त्यामुळे कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत, जेथे घरांच्या किमती आधीच दाबलेल्या होत्या, दुरुस्तीपुरताही पैसा अनेकांच्या हाती आला नाही. हा अन्याय विद्यार्थ्यांच्या हातोड्याने केला नव्हता, नियमाच्या कलमाने केला होता. त्याविरुद्ध २००८ साली दावा दाखल झाला आणि २०११ साली तडजोड झाली. तो लढा अवश्य लढावा. परंतु दाव्याची ती तीन वर्षे भिंती नसलेल्या घराच्या मालकाने कोठे काढायची, याचे उत्तर आक्षेपकांनी अद्याप दिलेले नाही.